शेजारच्या आजींची पिकनिक

प्रश्न : मुलाकडे सॅन होजेला आले आहे. शेजारच्या जपानी-अमेरिकन आजींनी त्यांच्या 'केनजिनकाई'च्या पिकनिकला बोलावलंय. तिथे काय असतं? आणि युद्धातल्या छावण्यांविषयी विचारलं तर चालेल का?

उत्तर : अहो, बिनधास्त जा! केनजिनकाई म्हणजे जपानच्या एकाच प्रांतातून आलेल्यांचं मंडळ. हिरोशिमावाल्यांचं वेगळं, कुमामोतोवाल्यांचं वेगळं. नव्याने आलेल्याला काम, खोली, अडीनडीला पैसे, सगळं तिथूनच मिळायचं. आता उरलीय ती मुख्यतः भेटीगाठींची हौस. मुलांच्या शर्यती असतात, तीन पायांची तर हमखास. बक्षिसं मात्र संसारोपयोगी, सोया सॉस नाहीतर तांदळाची पिशवी. पळायला लावतील, तेव्हा साडी नेसून जाऊ नका! ओनिगिरी, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेले भाताचे मुटके, जरूर खा. आत मासा असू शकतो, शाकाहारी असाल तर आधी विचारा.

छावण्यांचं म्हणाल, तर पहिल्याच भेटीत नको. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. सॅन होजेकडच्या बऱ्याचजणांची रवानगी वायोमिंग राज्यातल्या हार्ट माउंटन छावणीत झाली. सरकारने माफी मागितली १९८८ मध्ये, हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई मंजूर करून. कित्येकांनी घरीही वर्षानुवर्षं अवाक्षर काढलं नव्हतं. आजींना जुने फोटो दाखवायला सांगा. बोलायचं असेल तर त्याच बोलतील. सॅन होजेच्या जपानटाउनमधलं जपानी-अमेरिकन संग्रहालय मात्र पिकनिकच्या आधीच बघून या.