मुलाला फुटीच खेळायची आहे

मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीट ते पॉइंट कुक या पट्ट्यात, आता मराठी घरं बरीच झाली आहेत. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आईबाबांचे प्रश्न पूर्वी ठरलेले असायचे: सिलेक्टिव्ह शाळेची परीक्षा, नाहीतर मुलीचा मित्र. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न आलाय. "मुलगा फुटीत करिअर करायचं म्हणतो. बारावी तोंडावर. काय करायचं?"

त्यातल्या एका घराची ही गोष्ट. घरच्यांना विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. लंबगोल चेंडू, क्रिकेटचं अख्खं ओव्हल मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलायचा, फेकायचा नाही. मधल्या दोन खांबांतून पायाने मारला की सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. सप्टेंबरअखेरच्या अंतिम सामन्याला एमसीजीवर लाखभर माणसं येतात. मराठी मुलं शाळेत याच खेळातून मित्र जोडतात, ऑसकिकच्या, म्हणजे लहान मुलांच्या फुटीच्या, शिबिरांना जातात, आणि तोवर आईबाबांनाही कौतुकच असतं. घोडं अडतं ते सोळाव्या-सतराव्या वर्षी, मुलगा बरा खेळतो म्हणण्याऐवजी फारच चांगला खेळतो असं कोणीतरी म्हणालं की.

या मुलाबद्दल तसं म्हटलं गेलं होतं. तो टॅलेंट लीगमध्ये, म्हणजे व्हिक्टोरियातल्या अठरा वर्षांखालच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत खेळत होता. बाबा आयटीतले, मूळचे नाशिकचे. पहिल्या भेटीला एकटेच आले आणि बसल्या बसल्या लॅपटॉप उघडला. एक्सेलची शीट होती.

"मॅडम, अठरा क्लब. एकेका क्लबच्या यादीत चाळीस-पंचेचाळीस जण. म्हणजे अख्ख्या देशात आठशेच्या आसपास नोकऱ्या. नोव्हेंबरच्या राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये साठ-सत्तर पोरं घेतात. आणि यादी तेवढीच ठेवायची, म्हणजे जवळपास तितक्यांनाच दरवर्षी काढतात. याला करिअर म्हणायचं?"

हिशोब बरोबर होता. खरं तर त्यांनी तो थोडा सौम्यच मांडला होता. ड्राफ्टमध्ये क्लब मुलाला निवडतो, मुलगा क्लबला नाही. मेलबर्नच्या मुलाला पर्थ किंवा ब्रिस्बेनने घेतलं की अठराव्या वर्षी बाडबिस्तरा बांधायचा. सरासरी पगार आता चार लाख डॉलरच्या पुढे गेला असला तरी ती सरासरी मोठ्या नावांनी वर ओढलेली आहे. घेतल्या गेलेल्यांपैकी अनेक जण पंचविशीच्या आत बाहेरही पडतात. यातलं काहीच मी त्यांच्यापासून लपवलं नाही. एवढंच म्हटलं, "तुम्ही ही शीट मुलाला दाखवता तेव्हा त्याला आकडे दिसत नाहीत. बाबांचा माझ्यावर भरवसा नाही, एवढंच दिसतं."

"म्हणून काय दाखवूच नको?"

"दाखवा. पण आधी त्याच्याकडून ऐका. त्याला हे आकडे तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतील."

होतेच. मुलगा दुसऱ्या भेटीला आला. दोन किलोमीटरची शर्यत सहा मिनिटांच्या किती जवळ आणली, वीस मीटरला किती वेळ लागतो, कोणत्या क्लबला यंदा उंच बचावपटू हवाय, सगळं धडाधड सांगत गेला. मराठी चांगली, फक्त खेळाचा विषय निघाला की इंग्रजीत घसरायची. अशा मुलांना सगळेच विचारतात, "नाही घेतलं तर?" ते उत्तर त्यांच्या ओठांवर तयार असतं. मी उलटं विचारते. "समज, घेतलं. आठ वर्षं खेळलास. सव्विसाव्या वर्षी क्लबने बोलावून सांगितलं, यंदा करार नाही. पुढच्या मंगळवारी सकाळी तू काय करतोयस?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकू, बाबांना सांगणार नसाल तर सांगतो. मला स्पार्की व्हायचंय."

स्पार्की म्हणजे इलेक्ट्रिशियन. त्याच्या संघाचा एक सहायक प्रशिक्षक हेच काम करत होता आणि सुट्टीत हा त्याच्याबरोबर साइटवर जायचा. नव्या घरात भिंती बंद होण्याआधी वायर कशा ओढतात, स्विचबोर्डात कशानंतर काय जोडतात, हे तो हात हलवून दाखवत होता. फुटीबद्दल बोलताना तो एखाद्या उमेदवारासारखा बोलत होता. वायरिंगबद्दल बोलताना त्याच्यात नुसतं कुतूहल होतं. तुमचा मुलगा कशाबद्दल स्वतःला सिद्ध न करता बोलतो, ते पाहत जा. या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेली खूण तीच आहे.

बाबांना त्यानेच सांगितलं, माझ्यासमोर. आणि फुटीवरून झालं नव्हतं एवढं रामायण तेव्हा घडलं.

"वायरमन? आम्ही सगळं सोडून इथे आलो ते पोराला वायरमन करायला?"

इथे मी त्यांना ऑस्ट्रेलियातल्या इलेक्ट्रिशियनची कमाई सांगू शकले असते. चार वर्षांची अप्रेंटिसशिप, शिकता शिकता पगार, परवाना हातात आला की कामाला तोटा नाही. हे सगळं त्यांना माहीत होतं. घरातला स्विचबोर्ड बदलल्याचं बिल त्यांनीच भरलं होतं. म्हणून पैशांचा विषय मी काढला नाही. विचारलं, "हे ऐकून सर्वांत आधी कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला?"

"आईचा," ते म्हणाले. "नाशिकला आई दर रविवारी फोनवर विचारते, नातू काय शिकतोय. तिला काय सांगू?"

मग फुटीला विरोध नक्की कशासाठी होता, तेही बाहेर आलं. मुलाचं भवितव्य हा भाग होताच. पण निम्मी धास्ती त्या रविवारच्या फोनची होती. परदेशातल्या मराठी घरांत हे मी वारंवार पाहते. इथे मुलगा कोणत्या दर्जाचं आयुष्य जगेल याची मोजपट्टी अजून तिकडच्या दिवाणखान्यात टांगलेली असते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मुलाच्या निर्णयात हे वजन आपण टाकतोय हे आपल्याला ठाऊक तरी असावं.

या सगळ्यात आई काहीच बोलल्या नव्हत्या. तिसऱ्या भेटीत मी त्यांच्याकडे वळले. त्यांना ना पगाराची काळजी होती, ना एटारची, म्हणजे बारावीनंतर विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या क्रमांकाची. "ताई, मला फक्त त्याच्या डोक्याची भीती वाटते." आदल्या मोसमात एका धडकेनंतर मुलगा घरी आला तो टीव्हीसमोर नुसता बघत बसला होता. जेवला नाही, लाइट बंद करायला सांगितला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, काही नाही, झोप झाली नव्हती. त्याने ते क्लबलाही सांगितलं नव्हतं, कारण पुढच्या शनिवारी एका क्लबचे निवडकर्ते येणार होते.

ही भीती अजिबात फाजील नाही. सेंट किल्डाने २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला पॅडी मॅकार्टिन डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे वर्षानुवर्षं झगडला आणि २०२३ मध्ये त्याला खेळ सोडावा लागला. मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ २०२४ च्या सुरुवातीला, २८ व्या वर्षी निवृत्त झाला, तोही याच कारणाने. डॅनी फ्रॉली, शेन टक या माजी खेळाडूंच्या मेंदूत मृत्यूनंतर सीटीई हा डोक्याला वारंवार मार बसल्याने होणारा मेंदूचा आजार आढळला. आता नियम कडक झाले आहेत: कन्कशन, म्हणजे मार बसून मेंदूला धक्का, झालं तर एएफएल या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये किमान बारा दिवस, आणि स्थानिक पातळीवर एकवीस दिवस मैदानाबाहेर. पण नियम लागू व्हायला आधी कळावं तर लागतं. सतरा वर्षांचा, निवडीच्या तोंडावर असलेला मुलगा ते लपवणारच.

म्हणून या घरात एकच अट ठरली आणि ती ठरवण्याचा अधिकार आईंचा. डोक्याला लागलं, तर त्याच दिवशी क्लबला आणि डॉक्टरांना सांगायचं, समोर कोणीही बसलेलं असो. बाकी कशात त्या अडवणार नाहीत. मुलाने हे लगेच मान्य केलं. एरवी घासाघीस करणारी मुलंसुद्धा स्वच्छ, एका ओळीची अट पटकन स्वीकारतात. त्यांना नको असतात ती रोज बदलणारी.

"बारावी होऊ दे, मग बघू" हे वाक्य मात्र मी बाबांना सोडायला लावलं. इथे "मग" नसतोच. शारीरिक चाचण्या ऑक्टोबरच्या सुमारास, व्हीसीईची, म्हणजे इथल्या बारावीची, लेखी परीक्षा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, आणि ड्राफ्ट नोव्हेंबरच्या शेवटाकडे. सगळं एकावर एक. म्हणून शाळेतल्या समन्वयकांशी आधीच बोलून त्याने एक विषय अकरावीतच उरकला, आणि परीक्षेच्या काळात सराव किती, हे प्रशिक्षकांबरोबर बसून ठरवलं.

एका क्लबचे निवडकर्ते घरीही येऊन गेले. असे घरी येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतात. मुलगा आईशी कसा बोलतो, तेही बघतात. आईंनी पोहे केले होते. बाबांनी पाहुण्यांना निवडीचं गुणोत्तर विचारलं. मुलगा त्या वेळी पांढराफटक पडला होता म्हणे, पण मला सांगताना तिघेही हसत होते, आणि एवढ्या महिन्यांत मी त्यांना एकत्र हसताना पहिल्यांदा पाहिलं.

ड्राफ्टच्या रात्रीची तयारी आम्ही वेगळी केली. घरात कोण असेल, हे मुलाने ठरवायचं. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीपासून काही टाकायचं नाही. आणि त्याने स्वतः एक मागणी केली: नाव आलं नाही, तर कोणी "पुढच्या वर्षी" असं म्हणायचं नाही, निदान त्या आठवड्यात.

नाव आलं नाही. पहिल्या रात्री नाही, दुसऱ्या रात्री नाही, मागाहून झालेल्या रुकी ड्राफ्टमध्येही नाही. त्याच्याबरोबर खेळणारा एक मित्र पर्थला गेला.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. दुपारपर्यंत झोपणं, मित्रांचे फोन न घेणं. बाबा घाबरून गेले. मी त्यांना सांगितलं की हे दुःख आहे, आजार नाही, अजून तरी. झोप आणि जेवण पूर्ण कोलमडलं, कशातच रस राहिला नाही, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तसं झालं नाही. डिसेंबरात निकाल लागला, बरा लागला. जानेवारीत त्याने आपणहून बूट बाहेर काढले.

ज्यांच्या मुलाचं नाव येतं, त्यांनाही मी इथे काही सांगते, कारण काळजी तिथे संपत नाही. टॉम बॉइड २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाचा. २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जने ६२ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं, त्या अंतिम सामन्यात तीन गोल त्याचे. पुढे नैराश्य आणि निद्रानाशाबद्दल तो जाहीर बोलला, आणि मोठ्या कराराची वर्षं शिल्लक असताना २०१९ मध्ये २३ व्या वर्षी खेळ सोडून गेला. खेळाडूंची संघटना समुपदेशन आणि शिक्षणासाठी मदत देते. ती पहिल्या वर्षापासून घ्यावी, सगळं बिनसायची वाट बघू नये. याच्या उलट उदाहरण मार्लियन पिकेटचं. २७ व्या वर्षी २०१९ च्या मोसमाच्या मधल्या ड्राफ्टमध्ये रिचमंडने त्याला घेतलं आणि त्याचा पहिला एएफएल सामना थेट त्या वर्षीचा अंतिम सामना होता. ही गोष्ट या घरातला मुलगाही सांगतो. मी ऐकून घेते, पण तिच्यावर घराचं वेळापत्रक बांधू देत नाही.

हा मुलगा आता इलेक्ट्रिशियनचा अप्रेंटिस आहे. पहाटे सहाला साइटवर, आठवड्यातले काही दिवस संध्याकाळी सराव, शनिवारी व्हीएफएल या एएफएलच्या खालच्या लीगच्या राखीव यादीतून संधी मिळाली तर सामना. त्याचे बाबा सामन्यांना जातात. शीट अजून आहे, फक्त आता तिच्यात त्याचे किक आणि मार्क, म्हणजे किकवरून आलेले आणि हवेतच झेललेले चेंडू, मोजलेले असतात.

नाशिकला मात्र अजून "इलेक्ट्रिकल लाइनला आहे" एवढंच सांगितलेलं आहे. आजी समजतात, इंजिनिअरिंग. मुलाला हे खटकतं. दिवाळीत भारतात जायचंय आणि आजीसमोर खोटं बोलणार नाही असं त्याने सांगून टाकलंय. बाबा म्हणतात, वय झालंय तिचं, कशाला. पुढच्या भेटीला ते बापलेक याच प्रश्नासाठी येणार आहेत.