लॉकडाऊनमध्ये घरात सगळी माणसं असताना लहान मुलांनी नाणी, बॅटऱ्या गिळल्याच कशा? आयांचं लक्ष नव्हतं का? आणि अशा वेळी घरी काय उपाय करावा?

तुमचा मधला प्रश्न वाचला आणि लिहायला बसले. 'आयांचं लक्ष नव्हतं का' हे वाक्य आमच्या घरात २०२० पासून बोललं जातंय, आणि ते ज्या बाईबद्दल बोललं जातं ती माझी वहिनी आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. नाही. आमच्या घरात त्या रात्री ज्या एका माणसाचं लक्ष होतं ते मुलाच्या आईचंच होतं. बाकी आम्ही सगळे टीव्ही बघत होतो.

आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यात, माशेलच्या बाजूला. आई-बाबा, काका-काकी, त्यांचा मुलगा, मी, वहिनी आणि तिचा पावणेदोन वर्षांचा मुलगा. भाऊ बोटीवर. गोव्यातले हजारो तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, तेव्हा समुद्रातच अडकून पडले होते, त्यातला तो एक. जहाज कुठल्या बंदराला लागणार, माणसं कधी उतरणार, कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याचा फोन कधी लागायचा, कधी दोन मिनिटांत तुटायचा. नवरा असा अधांतरी, मूल अंगावरचं, आणि सासर माणसांनी भरलेलं, अशा स्थितीत वहिनी होती.

'सगळी माणसं घरात' म्हणजे मुलाकडे बघायला जास्त डोळे, असं तुम्ही धरून चाललाय. घरात काय चालतं ते ज्याने स्वयंपाकघरातून पाहिलंय त्याला हे पटणार नाही. माणसं घरात म्हणजे कामं वाढली. दर तासाला चहा. गोव्यात तर मार्चच्या शेवटी काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद ठेवली होती. डाळ कुठून आणायची, दूध कोण देईल, पोदेर (पाववाला) येईल की नाही, यातच बायकांचा दिवस जायचा. आणि मुलाचं म्हणाल तर प्रत्येकाला वाटायचं, दुसरा बघतोय. आजीला वाटायचं आजोबांकडे आहे, आजोबांना वाटायचं काकांकडे आहे. एरवी वहिनी एकटी घरी असायची तेव्हा मूल कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक असायचं.

त्यात रिकामा वेळ. लोकांनी कपाटं उपसली, माळ्यावरची खोकी खाली काढली. वर्षानुवर्षं वर पडलेल्या बारीक वस्तू एकदम जमिनीवर आल्या. सुटी नाणी, बटणं, तुटलेल्या माळेचे मणी, शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या. आमच्याकडे काकांनी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आराशीचं खोकं काढलं होतं. त्यात रंगीत दिव्यांची एलईडी पट्टी होती आणि तिचा तो चपटा, पातळ रिमोट.

एप्रिल महिना. दूरदर्शनवर २८ मार्चपासून रामायण पुन्हा लागलं होतं, रात्री नऊला घरातलं सगळं थांबायचं. वहिनी आत भांडी घासत होती. मूल काकांच्या मांडीवर होतं. ते किरकिर करायला लागलं म्हणून काकांनी त्याच्या हातात तो रिमोट दिला. मूल गप्प झालं. थोड्या वेळाने त्याला ठसका लागला, एक उमासा आला आणि पुन्हा शांत. काका म्हणाले, लाळ अडकली असेल. त्याला खाली ठेवलं आणि पुढे बघायला लागले.

वहिनी बाहेर आली ती मुलाला दूध द्यायला. दूध त्याने तोंडातून बाहेर काढलं. तोंडातून लाळ नुसती गळत होती, सदरा छातीपर्यंत ओला. दात येताना लाळ गळते, कुणीही तेच समजलं असतं. ती गुडघ्यावर बसली, जमीन चाचपली, सोफ्याखालून रिमोट काढला. त्याचं बॅटरीचं बारीक कप्पं बाहेर आलेलं आणि रिकामं. तिने आवाज न चढवता विचारलं, ह्यातली बॅटरी कुठाय?

तिथून वाद सुरू झाला. काकांचं म्हणणं, बॅटरी त्यात नव्हतीच, चवथीनंतर संपली असेल. मग म्हणाले, गिळली असेल तर असेल, मुलं नाणी गिळतात, दोन दिवसांत शौचातून पडतं. केळं घाल, भाताचा गोळा घाल. कांय जावचें ना, काही होणार नाही. आणि शेवटी, या वेळेला बांबोळीच्या इस्पितळात जाल आणि कोरोना घेऊन याल, घरात सत्तरीची माणसं आहेत. बाबा गप्प बसले. आईने देवाला दिवा लावला.

वहिनी म्हणाली, ते नाणं नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला तसलीच बॅटरी लागते, आणि तिच्या पाकिटावर बॅटरी गिळणाऱ्या मुलाचं चित्र काढून इशारा दिलेला असतो. तो आमच्या घरात कुणी वाचला असेल तर तिने. मला म्हणाली, गाडी काढ.

मी गाडी काढली. बाणस्तारीच्या पुलाजवळ पोलिसांनी अडवलं, टॉर्चच्या उजेडात मुलाचं तोंड बघितलं आणि हात दाखवून सोडलं. जुने गोवे ओलांडून बांबोळीपर्यंत रस्त्यावर आम्हीच. वहिनीने त्याला बसतं धरलं होतं आणि पाण्याचा घोटसुद्धा दिला नव्हता. तिथे डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, काही खायला घातलंय का? पोट भरलेलं असलं की भूल देणं जोखमीचं होतं. केळ्याचा सल्ला किती शहाणपणाचा होता ते इथेच कळतं.

एक्स-रेमध्ये अन्ननलिकेच्या वरच्या भागात गोल सावली दिसली, कडेला दुहेरी रेघ. नाण्याची कड एकेरी दिसते, बटन बॅटरीची, म्हणजे या चपट्या गोल बॅटरीची, दुहेरी, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला काचेवर बोट ठेवून दाखवलं. त्याच रात्री भूल देऊन दुर्बिणीने ती काढली. तेवढ्या वेळातही अन्ननलिकेच्या आतल्या बाजूला काळा डाग पडला होता. मुलाला नंतर काही दिवस नाकातल्या नळीने दूध द्यावं लागलं, आणि घरी आल्यावरही अन्ननलिका आक्रसली नाही ना हे बघायला औषध पाजून पुन्हा फोटो काढावा लागला. आक्रसली नव्हती. आता तो शाळेत जातो आणि सगळं खातो.

ज्या कोरोनाच्या भीतीने आम्हाला थांबवलं जात होतं, त्याचं गणित सांगते. पहिल्या लाटेच्या त्या सुरुवातीला अख्ख्या गोव्यात सात रुग्ण सापडले होते, आणि १९ एप्रिलला राज्यात एकही उरला नाही असं जाहीर झालं. त्यांच्यासाठी मडगावचं ईएसआय इस्पितळ वेगळं काढलेलं होतं. पुढे २०२१ मध्ये गोव्याने फार वाईट दिवस पाहिले, ते मी विसरलेले नाही. पण त्या रात्री बाळाच्या घशातला धोका खरा होता आणि रस्त्यावरचा धोका मनातला.

तरीही काका पाहुण्यांना सांगतात, 'आईचं लक्ष नव्हतं, देवाने वाचवलं.' देवाने वाचवलं हे मला मान्य आहे, मीही हात जोडते. पण रिमोट कुणी दिला, मूल कुणाच्या मांडीवर होतं, रिकामं कप्पं कुणी शोधलं आणि केळं कुणी अडवलं, हे चार प्रश्न त्या गोष्टीत येत नाहीत. तुमच्या प्रश्नातही ते येत नाहीत. मूल आजारी पडलं की आईचं लक्ष नव्हतं, बरं झालं की देवाची कृपा. या हिशेबात आईच्या नावावर जमा कधी होणार?

आता बॅटरीबद्दल, कारण 'नाण्यासारखंच असतं' हा गैरसमज जीव घेतो. ही बॅटरी २० मिलिमीटर रुंद असते, साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढी, आणि लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमकी अडकते. ती फुटून आतलं रसायन बाहेर आलं तरच भाजतं असं लोकांना वाटतं. तसं नाही. ओल्या नलिकेला दोन्ही बाजू टेकल्या की तिच्यातून वीज वाहायला लागते आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जातीचं द्रव्य. ते मांस विरघळवतं. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. रिमोट चालत नाही म्हणून बॅटरी 'संपली' म्हणायची, पण तिच्यात एवढ्यापुरती वीज उरलेली असते. बाहेर काढल्यावरसुद्धा जखम काही दिवस खोल जाऊ शकते, म्हणून मुलाला लगेच घरी सोडत नाहीत.

आणि हे फक्त आमच्याकडे घडलं असं नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये रीस नावाच्या दीड वर्षाच्या मुलीने २०२० मध्येच रिमोटमधली बटन बॅटरी गिळली. आधी साधा घशाचा आजार समजला गेला. ती डिसेंबरमध्ये गेली. तिच्या आईने लढा दिला आणि २०२२ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला: बटन बॅटरीचं झाकण मुलाला सहज उघडता येऊ नये. ऑस्ट्रेलियातही त्याच वर्षी असे नियम लागू झाले. आपल्याकडे जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं आहे, पण रिमोट हे काही खेळणं नाही. दिव्याच्या पट्टीबरोबर फुकट येणाऱ्या त्या रिमोटला साधा स्क्रूही नसतो, नखाने कप्पं ओढलं की बॅटरी हातात. दोष द्यायचा तर आधी तिथे द्या.

उपायांचं तुम्ही विचारलंय. वस्तू काढायचा उपाय घरी होत नाही, हे माझं स्पष्ट मत. बॅटरी गिळल्याची नुसती शंका असली तरी एक्स-रे, त्याच रात्री. उलटी करवू नका, घशात बोट घालू नका, केळं-भात नको. एक अपवाद आहे: मूल एक वर्षावरचं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. अमेरिकेतल्या नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरचा हा सल्ला आहे. मधाने भाजणं थोडं लांबतं, एवढंच. मध शोधायला शेजाऱ्याकडे जाऊन वेळ घालवायचा नाही, आणि वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही.

काकांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. पोटात उतरलेली बहुतेक गुळगुळीत वस्तू खरोखरच आपोआप पडते, दहांतल्या आठ-नऊ वेळा. नाण्याबाबत त्यांचा अनुभव खोटा नव्हता. पण नाणं पोटात उतरलंय की छातीत अडकलंय हे एक्स-रेशिवाय त्यांना कळलं कसं असतं? आणि चुंबकांना हा नियम लागू नाही. दोन बारीक चुंबक गिळले की आतड्याच्या दोन वेढ्यांमधून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत सडून भोक पडतं. माशाचा काटाही आपल्याकडे भाताच्या गोळ्याने ढकलतात. काटा टोचून बसला असेल तर त्याने तो आणखी आत रुततो.

श्वास अडकला असेल, मूल निळं पडत असेल, खोकताही येत नसेल, तर ते वेगळं. तिथे इस्पितळाची वाट बघायची नाही. वर्षाखालच्या बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग छातीवर पाच दाब. मोठ्या मुलाला पाठीवर थापा आणि बेंबीच्या वर पोटावर दाब. कुणीतरी १०८ लावा.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. वर लिहिलंय ते त्या रात्रीनंतर डॉक्टरांना विचारून आणि वाचून जमवलेलं आहे. काय गिळलं हे नक्की नसेल, तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या नंबरवर चोवीस तास सांगतं. फोन लावा, पण गाडीत बसून लावा. आणि रिकामा रिमोट किंवा तसलीच दुसरी बॅटरी सापडली तर सोबत न्या, म्हणजे कोणती गिळली ते डॉक्टरांना कळतं. वहिनीने तो रिमोट पिशवीत घातला होता.