ते डोकं भुकेनं नाही, चहानं दुखतंय

तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच महिनाभराचे रोजे धरायचं ठरवलंत, पुण्यात खोली घेऊन एकटे राहता, तिसऱ्याच रोजाला दुपारनंतर डोकं ठणकायला लागलं, आणि आता पुढचे कसे निभवायचे हा प्रश्न पडलाय.

आधी एक विचारतो. एरवी दिवसाला चहा किती घेता?

माझं सोलापुरात, विजापूर वेशीच्या बाजूला शिलाईचं दुकान आहे. एरवी माझे आठ-नऊ कप कुठे गेले नाहीत. कपडा बेतताना एक, गिऱ्हाईक आलं की एक, ते गेलं की एक. पंचवीसेक वर्षं रोजे धरतोय, त्यातली पहिली दहा वर्षं मला वाटायचं की सुरुवातीचे तीन-चार रोजे मुळातच अवघड असतात. मग लक्षात आलं की डोकं दुखतंय ते चहा तुटल्यामुळे. चहा-कॉफी एकदम बंद झाली की शरीर असा तगादा लावतंच, आणि चार-पाच दिवसांत गप्प होतं. तेव्हापासून रमजानच्या आठवडाभर आधीच मी आठाचे सहा, सहाचे चार, चाराचे दोन असे कप उतरवत आणतो. यंदा तुमची ती वेळ गेली. पण दोन-तीन दिवस कळ काढा. सेहरीला, म्हणजे पहाटे रोजा सुरू व्हायच्या आधी खातो तेव्हा, एक कप घ्या. इफ्तारनंतर, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडल्यावर, एक घ्या. डोकं नक्की उतरेल.

दुसरं, सेहरी. एकटा माणूस काय करतो मला माहीत आहे. रात्री एकला जेवतो, गजर बंद करतो आणि थेट ऑफिस गाठतो. असं करू नका. सेहरी करा, तिच्यात बरकत आहे, असं पैगंबरांनी (स.) सांगितलंय, आणि त्या बरकतीचा हिशोब दुपारी तीनला कळतो. आमच्याकडे दुधातल्या फेण्यांचं फार कौतुक. मलाही आवडतात, पण फेण्यांवर धरलेला रोजा दहा वाजताच पोटात ओरडायला लागतो. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी, घट्ट डाळ, दही, एखादं अंडं, केळं. आणि सोलापूरकर असून सांगतो, शेंगाचटणी सेहरीला बंद! लोणचं, पापडही बंद. तेवढं मीठ दिवसभर घशाशी येतं. पाण्याचंही तेच. शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर ढोसलेलं पाणी तासाभरात बाहेर. इफ्तारपासून सेहरीपर्यंत एकेक पेला पीत राहायचं. इफ्तारला भजी-समोसे चार खा, चौदा नको, नाहीतर तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजच्या, वीस रकातींमध्ये (उठण्या-वाकण्याच्या फेऱ्यांमध्ये) पोट पुढे आणि आपण मागे.

दिवसा फार तहान लागली तर चूळ भरता येते, आंघोळ करता येते, ओला पंचा डोक्यावर ठेवता येतो. तहान म्हणा किंवा ऊन, त्यापायी पैगंबरांनी रोजात डोक्यावर पाणी ओतून घेतल्याचं हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचन-आठवणींच्या संग्रहात, आहे. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर मी बेतायच्या टेबलावरच वीस मिनिटं आडवा होतो. नवीन असताना माझा वेगळाच घोळ होता. सुईत दोरा ओवताना टोक जिभेला लावायची सवय, आणि रोजा तुटला की काय म्हणून दिवसभर धाकधूक. शेवटी उस्ताद म्हणाले, ‘अरे, स्वतःच्या थुंकीनं रोजा तुटत नाही. दोरा चघळू नको म्हणजे झालं.’

खरा त्रास जिभेचाच, पण तो दोऱ्याचा नव्हे. रमजान हा आमचा सीझन, चांदरातीपर्यंत, म्हणजे ईदच्या आदल्या रात्रीपर्यंत, मशीन थांबत नाही. अंगात जोर कमी आणि काम दुप्पट. चार वाजता कुणी येऊन ‘बाही लांब झाली’ म्हटलं की तोंडातून काय निघेल याची मलाच भीती. कुणी भांडायला आलं तर ‘माझा रोजा आहे’ एवढंच म्हणा, अशी शिकवण आहे. मी ते मोठ्यानं म्हणत नाही, मनात म्हणतो. निम्म्या वेळा उपयोग होतो.

आता महत्त्वाचं. डोकेदुखी निभवायची, आजार नाही. 2019 मध्ये रमजान 7 मे रोजी सुरू झाला. ऐन सोलापूरचा मे, साडेचौदा तासांचा रोजा. मला जुलाब लागलेले, तरी हट्टानं रोजा धरला आणि दुपारी इस्त्रीच्या टेबलाजवळ भोवळ येऊन पडलो. अम्मी म्हणाली, ‘पानी पी ले, बाबा.’ मी मान हलवत होतो. मग मोहल्ल्यातल्या मौलानांनी असं फैलावर घेतलं की विचारू नका. आजारी आणि प्रवासी माणसानं तेवढे रोजे नंतर भरून काढावेत, हे कुरआनमध्ये सूरह बकराच्या 184 व्या आयतीत आहे. पुढच्याच आयतीत अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, कठीणपणा नको, असं स्पष्ट म्हटलंय. मौलाना म्हणाले, ‘तुला कुणी बहादुरी मागितली होती?’ तुम्हाला शुगर असेल, रोजच्या गोळ्या असतील, तर डॉक्टरला आजच भेटा. बोटातून रक्त काढून शुगर तपासल्यानं रोजा तुटत नाही, आणि ती 70 च्या खाली आली तर वाट न पाहता तिथंच रोजा सोडायचा.

त्या आजारपणात चार रोजे राहिले. ते मी डिसेंबरात भरले. थंडी, दिवस लहान, जेमतेम साडेबारा तास. म्हटलं, हे तर खेळच. पण तुम्हाला सांगतो, मे महिन्यातले रोजे त्यापेक्षा हलके गेले होते. रमजानात अख्खी गल्ली पहाटे जागी असते, संध्याकाळी प्रत्येक उंबऱ्यावर कलिंगड कापलेलं असतं, घड्याळाकडे सगळे एकदम बघतात. डिसेंबरात समोरचा टपरीवाला दर तासाला सवयीनं कप पाठवायचा आणि मी तो परत पाठवायचो. पहिल्या संध्याकाळी दुकानातच खजूर तोंडात टाकला तेव्हा समोर एक बाई विचारत होत्या, ‘ब्लाउजला अस्तर लावायचं ना?’ बोलता येईना, मी नुसती मान डोलावली.

म्हणून तुमच्या चिठ्ठीतला ‘एकटा राहतो’ हा शब्द मला डोकेदुखीपेक्षा जास्त खटकला. जवळच्या मशिदीत इफ्तारला जा. बहुतेक मशिदींत दस्तरखान, म्हणजे सगळ्यांनी मिळून खायची पंगत, मांडलेला असतो आणि तुम्ही कोण, कुठले, कुणी विचारत नाही. खजुराचं एक पाकीट घेऊन गेलात तर उत्तम, रिकाम्या हातानं गेलात तरी शेजारचा सरकून जागा करून देईल. आणि घरी सांगून ठेवा, सेहरीला रोज फोन करा म्हणून. आयांना तसंही तेव्हा जाग आलेलीच असते.