विहीणबाईंना काय म्हणू?

प्रश्न : माझा मुलगा अबुधाबीला नोकरी करतो. तिथल्याच एका फिलिपिनो मुलीशी त्याचं लग्न ठरलंय. लग्न नाशिकला आहे. तिचे आईवडील आणि थोरला भाऊ आठ दिवस आमच्याकडे राहतील. मला इंग्रजी जेमतेम कळतं. मुलगा म्हणतो, "आई, मी आहे ना सांगायला!" पण घरी आलेल्या माणसांसमोर मी काय मुकी बसू? नात्यांचे शब्द आणि दोनचार वाक्यं शिकवाल का? शिवाय सूनबाई व्हिडिओ कॉलवर माझ्या मुलाबद्दल इंग्रजीत बोलताना मधूनच 'शी' म्हणते. ते मला खटकतं.
– एक वरमाई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, खटकलेलं आधी मनातून काढून टाका. फिलिपिनो भाषेत तो आणि ती असा भेदच नाही. दोघांनाही 'सिया'. त्यामुळे इंग्रजी बोलताना त्यांची जीभ 'ही' आणि 'शी'मध्ये घसरते. मस्कतच्या एका रुग्णालयात मी 14 वर्षं नर्स होते. माझ्या वॉर्डातल्या फिलिपिनो मैत्रिणी दाढीवाल्या पेशंटलाही 'शी' म्हणून जायच्या. त्यात अनादर मुळीच नसतो.

नात्यांतही तसंच आहे. 'आसावा' म्हणजे नवरा आणि बायकोही. 'कापातिद' म्हणजे भाऊ किंवा बहीण. 'आनाक' म्हणजे मुलगा किंवा मुलगी. 'बियेनान' म्हणजे सासू किंवा सासरा, 'मानुगाङ' म्हणजे सून किंवा जावई. आपली चुलत, मामे, आते, मावस अशी सगळी भावंडं एकट्या 'पिन्सान'मध्ये मावतात. पण स्त्री-पुरुष न बघणारी ही भाषा वय मात्र फार बघते. थोरला भाऊ 'कुया', थोरली बहीण 'आते', पहिलं मूल 'पानाङाय', शेंडेफळ 'बुन्सो'. 'आते' ऐकून आत्या समजू नका, ती ताई असते. आई 'नानाय', वडील 'ताताय'. आजोबा 'लोलो', आजी 'लोला', काका-मामा 'तितो', मावशी-आत्या 'तिता'. हे चार शब्द स्पॅनिशवरून आलेले, कारण 1565 ते 1898 तिथे स्पेनचं राज्य होतं. सूनबाईंच्या भावाला तुमचा मुलगा 'कुया' म्हणेल. नुसतं नाव घेऊन हाक मारू नको, एवढं त्याला बजावा.

आता तुमचा खरा प्रश्न. मुलाच्या सासूशी तुमचं जे नातं, त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मुलाला विचारून बघा. त्याला शब्द सापडणार नाही, कारण इंग्रजीत तो नाहीच. आपल्याकडे आहे, विहीण. आणि फिलिपिनोतही आहे, 'बालाए'. व्याही आणि विहीण, दोघांनाही तोच. म्हणून म्हणते, तुम्ही दोघींनी मध्ये इंग्रजी आणूच नका. विमानतळावर किंवा दारात, जिथे पहिल्यांदा भेटाल तिथे "कुमुस्ता पो कायो, बालाए?" म्हणा. कशा आहात, विहीणबाई? बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, हे एक वाक्य पाठ करून ठेवा.

त्यातला 'कायो' म्हणजे 'तुम्ही', आणि आपल्यासारखाच तो एकट्या माणसालाही आदरानं लावतात. 'पो' हा आदराचा शब्द, 'हो जी'मधल्या 'जी'सारखा. वडीलधाऱ्यांना नुसतं 'ओओ' म्हणजे 'हो' म्हणत नाहीत, 'ओपो' म्हणतात.

व्याकरणातलं एकच सांगते, कारण ते कळलं की बाकीचं ऐकू यायला लागतं. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यांचं बहुतेक वेळा आधी. 'कुमाकाइन आङ बाता' म्हणजे 'खातंय मूल'. 'काइन' हे मूळ. त्याच्या पोटात 'उम' घातला की 'कुमाइन', म्हणजे खाल्लं. शिवाय पहिलं अक्षर दुणावलं की 'कुमाकाइन', खाणं चालू आहे. 'उम' न घालता नुसतं दुणावलं, 'काकाइन', की खाणार. क्रिया झाली, चालू आहे की व्हायची आहे, एवढंच ते बघतात. तो-ती-ते, एक-अनेक, कशानंही क्रियापद बदलत नाही. आपल्या 'गेला-गेली-गेले'पेक्षा किती सोपं!

यात 'ङ' मी मुद्दाम लिहिलाय. क ख ग घ ङ म्हणताना आपण तो पाठ करतो आणि पुढे क्वचितच वापरतो. फिलिपिनोत तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. 'ङिती' म्हणजे स्मितहास्य. 'वाङ्मय' म्हणताना जीभ मागे टेकते, तिथेच ठेवून म्हणून बघा.

रात्रपाळीत तीन वाजता आमची मुख्य नर्स भात आणि सुक्या मासळीचा डबा उघडायची आणि पहिला घास घेण्याआधी म्हणायची, "काइन तायो." चला, जेवूया. मी शिकलेलं हे पहिलं वाक्य. 'तायो' म्हणजे आपण, समोरच्याला धरून. समोरच्याला वगळून म्हणायचं असेल तर 'कामी', म्हणजे आम्ही. इंग्रजीच्या 'वी'मध्ये हा फरक बुडून जातो, मराठीत आणि फिलिपिनोत तो शाबूत आहे. पंगतीला बसताना "काइन पो तायो" म्हणा. विहीणबाईंना आपण परक्या नाही हे त्या एका शब्दात कळेल.

दोन सूचना. त्यांच्या भाषेत 'हिंदी' म्हणजे 'नाही'. एखादा पदार्थ वाढताना त्या "हिंदी पो" म्हणाल्या तर हिंदीत बोलायला लागू नका, वाढणं थांबवा. आणि मिसळ देणार असाल तर रस्सा वेगळा ठेवून "माआङ्हाङ पो" असं आधीच सांगा, म्हणजे तिखट आहे. दुसरं, सूनबाई "मानो पो" म्हणून हात पुढे करेल. हस्तांदोलन करू नका. तुमचा हात हातात घेऊन ती तो स्वतःच्या कपाळाला लावेल. हा त्यांचा वाकून नमस्कार. हात मागे घेऊ नका, तोंडानं "सुखी राहा" मराठीतच म्हणा.

मात्र ती कुठल्या भागातली ते आधी विचारून घ्या. सेबूची असेल तर घरात सेबुआनो बोलत असतील, इलोकोसची असेल तर इलोकानो. फिलिपिनो शाळेत सगळेच शिकतात, म्हणून वरचं वाया जाणार नाही. पण घरच्या भाषेतला एखादा शब्द सूनबाईकडूनच शिकलात, तर तिला किती बरं वाटेल!

प्रश्न : फिलिपिनोत संस्कृत शब्द आहेत म्हणतात. खरं का?
– एक विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : खरं आहे. 'मुखा' म्हणजे चेहरा, 'गुरो' म्हणजे शिक्षक, 'आसा' म्हणजे आशा, 'साक्सी' म्हणजे साक्षीदार. हे शब्द मुख्यतः मलय भाषेच्या वाटेनं तिकडे पोचले. लागुना प्रांतात सापडलेला एक ताम्रपट मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कर्जमुक्तीचा तो दस्तऐवज जुन्या मलयमध्ये आहे, पण त्याची सुरुवात 'स्वस्ति' या शब्दानं होते आणि पुढे शके 822, वैशाख, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार अशी मिती येते. इसवी सनाप्रमाणे ते 900 साल. आपल्या लग्नपत्रिकेवर मिती छापतो ना, अगदी तशीच.