तिथीची पाऊणपट आणि गणिताचा तास

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. आमचं घर रत्नागिरीजवळ भाट्ये खाडीच्या काठाला आहे. बाबा होडीवर जातात. आई खाडीत मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढते आणि बाजारात नेऊन विकते. मीही तिच्याबरोबर जाते, कारण दोघी असलो की टोपली लवकर भरते. जूनपासून मी पाच वेळापत्रकं केली. शेवटचं मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतलं : पहाटे पाच ते सात गणित, रात्री आठ ते दहा विज्ञान. चार-सहा दिवस नीट चालतं, मग सुकती, म्हणजे ओहोटी, पहाटे येते आणि सगळं मोडतं. एकदा मोडलं की पुढचे आठ दिवस मला वही उघडावीशीच वाटत नाही. सत्र परीक्षेत गणित भाग १ ला ४० पैकी १७ पडले. मी आळशी आहे का?
— एक विद्यार्थिनी, भाट्ये खाडी

उत्तर : नाही गं बाळ. आळशी मुलगी पाच वेळापत्रकं करत बसत नाही, आणि पहाटेच्या गारठ्यात गुडघाभर चिखलात उभी राहून मुळेही काढत नाही.

मी एकतीस वर्षं खाडीकाठच्याच एका हायस्कूलात गणित आणि विज्ञान शिकवलं. सुरुवातीची काही वर्षं दर जूनमध्ये मी दहावीच्या सगळ्या वर्गाला एकच वेळापत्रक लिहून द्यायची. खारवीवाडीतला एक मुलगा पहिल्या तासाला हमखास पेंगायचा. मी त्याला उभं करायची. एकदा पहाटेची एसटी पकडायला निघाले, तर तो जेटीवर बापाबरोबर मासळी उतरवत होता. उजाडलंही नव्हतं. त्या दिवशी वर्गात मी त्याला उठवलं नाही, आणि पुढच्या जूनपासून वेळापत्रक लिहून देणं थांबवलं. मुलांना आधी एवढंच विचारायची, तुझ्या घरचा दिवस कसा उगवतो ते सांग.

तुझ्या घरचा दिवस पाण्यावर उगवतो. तुझी पाचही वेळापत्रकं तिथेच मोडली. घड्याळातले पाच रोज पाचलाच वाजतात, पण भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मैत्रिणीच्या घरी पहाटे पाच ही वेळ वर्षभर तिची असते. तुझ्या घरी ती पंधरवड्यातले काही दिवस तुझी असते आणि काही दिवस खाडीची.

कोणते दिवस कोणाचे, हे आधीच कळतं. आईला विचार, ती तिथीवरून सांगेल. आपल्याकडे जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून भरती तीनच्या सुमाराला. ओहोटी तिच्या आधी किंवा नंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे नऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून ओहोटी पाच-साडेपाचला, पहाटेही आणि संध्याकाळीही. अमावास्येला तसंच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तिथे आईचा अंदाज माझ्या गुणाकारापेक्षा खरा धर.

आता भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढ. चतुर्दशीपासून पुढच्या पंचमीपर्यंतचे दिवस निळ्या पेनाने रंगव. या दिवसांत ओहोटी पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत सरकत जाते. वर उधाणाचे दिवस, पाणी लांबवर आटतं, मुळे जास्त मिळतात, आई तुला हाक मारणारच. या सकाळी खाडीच्या. त्यांवर अभ्यास लिहूच नकोस. षष्ठी ते त्रयोदशी मोकळे सोड. तेव्हा ओहोटी शाळेच्या वेळेत किंवा दुपारी येते, आणि अष्टमीच्या अलीकडेपलीकडे भांगाचं पाणी असतं. ते फारसं हटत नाही, त्यामुळे आईची खेपही छोटी असते. या सात-आठ पहाटा पूर्ण तुझ्या आहेत.

म्हणजे तुला दोन वेळापत्रकं हवीत, एक उधाणाचं आणि एक भांगाचं. भांगाच्या पहाटे फक्त गणित कर, ताज्या डोक्याने, नवं प्रकरण, जे कळत नाही ते. उधाणाच्या दिवसांत नवं काही सुरू करू नकोस. शाळेतून आलीस की अर्धा तास, जेवणानंतर पाऊण तास, आणि त्यात भाषा, इतिहास, विज्ञानाच्या व्याख्या, भांगात सोडवलेल्या गणितांपैकी दोन पुन्हा. चिखलातून आलेल्या, दमलेल्या मुलीला जेवढं झेपतं तेवढंच लिही. रात्री दहाला झोप. पहाटे चारला उठायचं असेल तर आठला. तुझ्या वयाला आठ तास झोप लागते, आणि मी अपुऱ्या झोपेने कच्ची राहिलेली गणितं फार पाहिली आहेत.

या चक्राचा आणखी एक फायदा आहे. वाचलेलं किती लवकर विसरतं हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून मांडलं, आणि मधे अंतर ठेवून पुन्हा वाचलं की ते जास्त टिकतं हेही दाखवलं. तू एका अष्टमीला वर्गसमीकरणं केलीस, तर दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं त्यांवर नजर टाक आणि पुढच्या अष्टमीला वही न बघता चार उदाहरणं सोडव. तारखा लक्षात ठेवायला नकोत, तिथी परत येतेच.

गणिताच्या गुणांचं आता. बोर्डाचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. तुझ्या १७ गुणांची उत्तरपत्रिका पुन्हा काढ आणि बघ, गेलेले २३ गुण न आल्यामुळे गेले की वेळ संपल्यामुळे. मला वाटतं बरेचसे दुसऱ्या कारणाने गेले असतील, कारण तुकड्यातुकड्याने अभ्यास करणाऱ्या मुलांना सलग दोन तास बसायची सवयच नसते. म्हणून भांगातल्या एका रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडव. एका वेळी बीजगणिताचा, पुढच्या वेळी भूमितीचा. पंधरवड्यात एकच, जास्त नको. लेखी परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, तेव्हा सहा-सात पंधरवडे हाताशी आहेत. निदान सहा पेपर होतील, आणि ते पुरेसे आहेत.

मोबाइलबद्दल तू काही लिहिलं नाहीस. घरात एकच असेल तर तो बाबांकडे राहू दे. वर्गाच्या ग्रुपवरचा गृहपाठ वहीत उतरवून घे आणि परत कर.

वेळापत्रक मोडल्यावर जे आठ दिवस जातात, त्यांची मला जास्त काळजी वाटते. एक पहाट गेली तर दोन तास गेले. पण वही मिटून ठेवलीस की आठ दिवस जातात. म्हणून मोडलेली पहाट भरून काढायची नाही, दुप्पट अभ्यासाचं ओझं दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. घरी पाहुणे आले, ताप आला, होडी उशिरा लागली, तर त्या दिवसाच्या चौकटीत फुली मार आणि दुसऱ्या दिवशी त्या दिवसाचंच कर. कॅलेंडरवर फुल्या दिसू देत. माझ्या वर्गातल्या मुलांना मी फुल्या मोजायला सांगायची, लपवायला नाही. महिन्यात पाच-सहा निघतात, आणि मनाला वाटतं त्यापेक्षा त्या नेहमी कमी असतात.

आणि आईशी बोल. तिला अभ्यास कर म्हणून सांगता येतं, पण तुला नक्की कोणत्या सकाळी हव्यात हे तिला कोण सांगणार? रंगवलेलं कॅलेंडर तिच्यासमोर ठेव. ‘निळ्या दिवशी मी येते, बाकीच्या दिवशी साडेसातपर्यंत मला हाक मारू नकोस,’ एवढंच म्हण. जिने आयुष्यभर पाण्याची वेळ सांभाळली, तिला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. जानेवारी उजाडला की निळ्यातल्याही दोन सकाळी मागून घे. टोपली थोडी हलकी होईल. ते घरात आधी बोललेलं असलं म्हणजे तुझ्या मनाला खात नाही.

दरवर्षी कोकण बोर्डाचा निकाल राज्यात वर असतो, म्हणून घरोघरी मुलांवर दडपण येतं. तो आकडा पूर्ण विभागाचा आहे. तू तुझे १७ चे २५ कर, मग पुढचं बघू.

हा अंक हातात पडेल तेव्हा आईला तिथी विचार आणि त्याच दिवसापासून रंगवायला घे, नव्या महिन्याची वाट बघू नकोस. दोन अष्टम्या झाल्या की मला पुन्हा लिही. किती फुल्या पडल्या ते कळव, आणि जी उदाहरणं अडली असतील ती पत्रात उतरवून पाठव. वर्गसमीकरणं असतील तर मी सोडवून पाठवते.