आधी मल्टिमीटर, मग जॉयस्टिक

देवगड तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तारकर्लीला तिने पाण्याखाली फिरणारा ड्रोन पाहिला आणि तेव्हापासून तिला तेच काम करायचं आहे. एका संस्थेने तीन आठवड्यांच्या कोर्सची भलीमोठी फी सांगितली आहे, सोबत नोकरीची हमी. त्यासाठी आंब्याच्या बागेवर कर्ज काढावं लागेल. वडील विचारतात: हे चार दिवसांचं फॅड तर नाही? मुलीला पोहता येत नाही, चालेल का? आणि जहाजावर मुलींना घेतात का?

सप्रेम नमस्कार.

कर्ज काढू नका. निदान आत्ता तरी नको. मुलीचा विचार मात्र चांगला आहे, त्याला पाठिंबा द्या.

फॅडची शंका आधी दूर करते. तुम्ही ज्याला पाण्याखालचा ड्रोन म्हणता, त्याला या धंद्यात आरओव्ही म्हणतात. वर बसलेला माणूस केबलीतून त्याला हुकूम देतो, खालचं चित्र त्याच केबलीतून वर येतं. हे तंत्र साठ वर्षांचं जुनं आहे. जानेवारी १९६६ मध्ये स्पेनमधल्या पालोमारेस गावाजवळ अमेरिकेची दोन लष्करी विमानं हवेत धडकली आणि एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला. तो सुमारे ८७० मीटर खोलीवरून एप्रिलमध्ये वर काढला, तो 'कर्व्ह' नावाच्या अशाच यंत्राच्या मदतीने. बॉम्बला लागलेल्या पॅराशूटमध्ये ते यंत्र स्वतःच गुरफटलं आणि शेवटी दोन्ही एकत्रच वर ओढावी लागली. अडकणं ही या कामातली तेव्हापासूनची डोकेदुखी आहे, आणि तुमच्या मुलीलाही पहिल्याच महिन्यात तिची ओळख होईल. पुढे तेल कंपन्यांनी ही यंत्रं मोठ्या प्रमाणावर वापरात आणली, कारण बुडी मारणारा माणूस जिथे जाऊ शकत नाही इतक्या खोलीवर तेलविहिरी जाऊ लागल्या.

आता मुद्द्याचं. तारकर्लीला मुलीने पाहिलं ते आठ-दहा किलोचं, एका माणसाला उचलता येणारं यंत्र असणार. तेलक्षेत्रात जे 'वर्क क्लास' आरओव्ही चालतात त्यांचं वजन काही टन असतं. ते हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालतात, पुढे दोन यांत्रिक हात असतात, आणि त्यांना पाण्यात सोडायला जहाजावर वेगळी क्रेन लागते. दोन्हींना जॉयस्टिक असते, आणि कोर्सच्या जाहिरातीत फोटो त्या जॉयस्टिकचाच असतो. पण भरतीच्या जाहिरातीत पदाचं नाव बघा: 'आरओव्ही पायलट टेक्निशियन'. पगार मुख्यतः त्यातल्या दुसऱ्या अर्ध्यासाठी मिळतो.

समुद्राचं खारं पाणी विजेच्या प्रत्येक जोडाच्या मागे लागलेलं असतं. एखाद्या कनेक्टरमध्ये ओल शिरते, इन्सुलेशन उतरतं, यंत्र आपोआप बंद होतं. मग बारा तासांच्या शिफ्टमधले निम्मे तास डेकवर जातात: मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं उपकरण, लावून फॉल्ट शोधायचा, केबलचं टोक कापून नवं टर्मिनेशन, म्हणजे नवी जोडणी करायची, फायबर जोडायचा, हायड्रॉलिकची गळती बंद करायची. तोवर जहाज नुसतं उभं असतं आणि त्याचं भाडं चालूच असतं. अशा वेळी रात्री तीन वाजता, जहाज डोलत असताना, सर्किट डायग्राम उघडून शांतपणे दोष शोधणारा माणूस सुपरवायझरला हवा असतो. यंत्र चालवायला तो पुढच्या काही महिन्यांत शिकवून घेतो. इलेक्ट्रॉनिक्स मात्र तो शिकवत बसत नाही.

म्हणून कंपन्या ट्रेनी घेताना आधी इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल किंवा हायड्रॉलिक्सचं शिक्षण आणि हाताने केलेलं काम बघतात. तुमच्या मुलीकडे त्यातलं शिक्षण जवळपास पूर्ण झालं आहे. तीन आठवड्यांचा कोर्स तिच्या तीन वर्षांच्या डिप्लोमापुढे फार लहान आहे. हे तिलाही सांगा, कारण मुलं हातात असलेल्याची किंमत कमी धरतात.

इथे आणखी एक गल्लत होते. अगदी लहान सोडले तर हवेतल्या ड्रोनसाठी २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ते पाण्याखालच्या यंत्राला लागू नाही. 'ड्रोन पायलट' या एका नावाखाली दोन्ही विकणाऱ्यांपासून सावध राहा. आरओव्हीच्या धंद्यात आयएमसीए ही सागरी कंत्राटदारांची आंतरराष्ट्रीय संघटना सक्षमतेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवते, आणि माणसाची पत त्याच्या लॉगबुकमधल्या नोंदींवरून ठरते: कोणतं यंत्र, किती तास, कोणतं काम.

इथून पुढचा भाग मुलीला वाचायला द्या.

बाळा, तुला सुरुवात करायला तयार ड्रोन नको आहे. एक यंत्र तू स्वतः बांध. पीव्हीसी पाइपाची चौकट, होडीतलं पाणी उपसायच्या बारा व्होल्टच्या पंपांच्या मोटरी, त्यांना पंखे, साधे स्विच, आणि एक वॉटरप्रूफ कॅमेरा. पंप बंदरावरच्या दुकानात मिळतील. वीज फक्त बारा व्होल्टच्या बॅटरीची, आणि बॅटरीजवळ फ्यूज लावलेला. घरातल्या २३० व्होल्टची वायर पाण्याजवळ न्यायची नाही, आणि बॅटरीला चार्जर लावलेला असताना यंत्र पाण्यात सोडायचं नाही. यात तू जे शिकशील ते कोणी फी घेऊन शिकवणार नाही.

पहिला धडा तरंगण्याचा आहे. यंत्र पाण्यात ना बुडालं पाहिजे ना वर उसळलं पाहिजे. किंचित वर येण्याकडे कल ठेवायचा, म्हणजे वीज गेली तरी ते आपोआप पृष्ठभागावर येतं. वजन खाली, फोम वर, म्हणजे ते कलंडत नाही. टाकीत हे जमलं की तेच यंत्र समुद्रात सोडून बघ, ते वर पळेल. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे दहा किलोच्या यंत्राला समुद्रात जवळजवळ पाव किलो वजन जास्त बांधावं लागतं.

दुसरा धडा पाणी आत न येऊ देण्याचा. डब्याच्या झाकणाला जी ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी असते तिच्यावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी गळती होते. ती दरवेळी पुसायची, बोट फिरवून तपासायची, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो, म्हणून बादलीत न गळणारा डबा विहिरीच्या तळाशी गळू शकतो. चांगली माणसं डाइव्हच्या, म्हणजे यंत्राच्या बुडीच्या, आधी हातपंपाने डब्यातली हवा ओढून घेतात आणि पाव तास दाबाचा काटा हलतो का ते बघतात. कंटाळा आला तरी हे चुकवायचं नाही.

तिसरा धडा केबलीचा, म्हणजे टेदरचा. रेडिओ लहरी पाण्यात फार जात नाहीत, जीपीएस तर मुळीच चालत नाही, म्हणून केबल लागते. नवख्यांचं सगळं लक्ष पडद्यावर असतं आणि केबल दगडाला किंवा जाळ्याला वेढा घालते. ज्या वाटेने गेलीस त्याच वाटेने परत ये. यंत्र किती वेळा गोल फिरलं ते मोज आणि उलट फिरवून पीळ काढ. केबल धरणारा माणूस वेगळा ठेव, त्याचं काम तुझ्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि निम्म्या डाइव्ह तू स्वतः ती केबल धरून कर. प्रवाहात सुरुवात वरच्या अंगाकडे जाऊन करायची. मोटर बंद पडली तर पाणी यंत्राला तुझ्याकडे आणतं.

सरावाला तुमच्याकडची विहीर उत्तम. प्रवाह नाही, खोली माहीत असते, आणि तळाशी पडलेला एखादा कळशीचा तुकडा किंवा दोर शोधण्याचं काम स्वतःला लावून घेता येतं. पिण्याच्या पाण्याची विहीर सोड, आणि मालकाला विचारूनच यंत्र सोड. समुद्रात जाशील तेव्हा उधाणाचे दिवस टाळ. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असते आणि गाळही कमी उठतो. गढूळ पाण्यात दिवा वाढवलास तर पुढचं आणखी दिसेनासं होतं, कारण उजेड कणांवर आदळून कॅमेऱ्याकडेच परततो. दिवे कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला लाव. मालवणच्या पाण्यात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे वन खात्याला विचारल्याशिवाय काही सोडायचं नाही. बंदराच्या हद्दीतही तसंच.

हे जमलं की पुढची पायरी संगणकाची. ब्लूरोव्ह-२ हे लहान यंत्र संशोधन संस्थांत आणि तपासणीच्या कामात बरंच वापरलं जातं. त्याचं आर्डूसब हे नियंत्रणाचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं आहे. घरच्या लॅपटॉपवर त्याचं सिम्युलेशन चालवता येतं. यंत्र हातात नसताना तू खोली धरून ठेवणं, दिशा धरून ठेवणं, सेटिंग बदललं की वागणूक कशी बदलते, हे सगळं समजून घेऊ शकतेस. कॉलेजात चार जण जमले तर चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची, एनआयओटीची, विद्यार्थ्यांसाठीची पाण्याखालच्या वाहनांची स्पर्धा आहे, तिची माहिती काढा. प्रत्येक डाइव्हची नोंद वहीत लिही. तारीख, खोली, किती मिनिटं, काय बिघडलं, काय दुरुस्त केलं. मुलाखतीला मी ती वही नेण्याचा आग्रह धरेन.

आता पुन्हा तुमच्याशी बोलते.

काम कुठे आहे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कर्जाचा विचार करणाऱ्याने ते आधी विचारायला हवं. सगळे मुंबई हायकडे, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे बघतात. तिथे काम आहे, पण ते तेलाच्या भावाबरोबर वरखाली होतं. २०१४ मध्ये पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला तीस डॉलरच्या खाली आलं, आणि जगभर आरओव्हीची माणसं घरी बसली. नेमणुका बऱ्याचदा कंत्राटी असतात, आणि पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरचं काम थंडावतं. मासेमारी बंदीत घर कसं चालतं ते तुम्ही शेजारी बघता, तसंच नियोजन इथेही लागतं.

माझ्या मते तुमच्या मुलीसाठी पहिली काही वर्षं दुसरीकडे जास्त चांगली जातील. धरणं, बंदरं, पूल, वीजप्रकल्पांचे पाणी घेणारे बोगदे. देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, आणि २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. भिंतीची पाण्याखालची बाजू, दारांच्या जाळ्या, हे सगळं पाणी न सोडता बघायचं तर लहान आरओव्ही सोयीचा पडतो. या कामात भारतीय कंपन्या आहेत. आयआयटी मद्रासमधून निघालेली प्लॅनिस आणि कोचीची आयरोव्ह ही दोन नावं तिने शोधून वाचावीत. त्या स्वतःची यंत्रं बनवतात, म्हणजे तिथे बांधणी, दुरुस्ती आणि प्रत्यक्ष काम तिन्ही शिकायला मिळण्याची शक्यता आहे. संशोधनाची ओढ असेल तर डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पुढे जाता येईल. एनआयओटीच्या 'रोसब ६०००' या आरओव्हीने २०१० मध्ये ५,२८९ मीटर खोली गाठली. आणि तुमच्यापासून फार लांब नसलेल्या गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' हे केबलीशिवाय चालणारं वाहन बनवलं आहे.

पोहण्याचं म्हणाल तर पायलट कोरडा बसतो, पाण्यात फक्त यंत्र जातं. पण समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर किंवा जहाजावर जायचं तर जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यात हेलिकॉप्टरसारख्या पिंजऱ्यात बसवून तो पाण्यात उलटा करतात आणि खिडकीतून बाहेर पडायला लावतात. पाण्याची भीती असेल तर ते अवघड जातं. तिला या उन्हाळ्यात पोहायला शिकवा. हे मी धोका लपवून सांगणार नाही: मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईजवळ पी-३०५ हा बार्ज, म्हणजे कामगारांच्या राहण्याचा तराफा, बुडाला आणि साठहून अधिक माणसं गेली. समुद्रावर काम करणारे अशाच बार्जवर, जहाजांवर राहतात. म्हणून ते प्रशिक्षण कागदापुरतं उरकायचं नाही. त्याचा खर्चही नोकरी ठरायच्या आधी करू नका, कारण प्रमाणपत्राला मुदत असते. नोकरी ठरली की वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट, आणि अनेक जहाजांसाठी सीडीसी हे खलाशांचं पुस्तकही लागेल.

मुलींना घेतात का? घेतात, पण जहाजांवर त्या अजून फार कमी आहेत, आणि काही ठिकाणी वेगळी केबिन नाही या सबबीवर नाव मागे पडतं. हे चुकीचं आहे, तरी आहे. धरण-बंदरांच्या तपासणीत आणि संशोधन संस्थांत ही अडचण बरीच कमी येते, हे मी आधी सांगितलेल्या वाटेचं आणखी एक कारण. दोन-तीन वर्षांची नोंदवही हातात घेऊन ती जहाजावरच्या नोकरीला अर्ज करेल, तेव्हा तिला नाकारणं कठीण जाईल.

राहिली ती संस्था. तिला लेखी विचारा: तीन आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्याला पाण्यात किती तास यंत्र चालवायला मिळतं? कोणतं यंत्र, टाकीत की समुद्रात? फॉल्ट शोधायला शिकवतात का, आणि केबलचं टर्मिनेशन विद्यार्थी स्वतः करतो का? गेल्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांपैकी कोण कुठे काम करतं, आणि त्यांच्याशी बोलता येईल का? नोकरीची हमी करारात कोणत्या शब्दांत लिहिली आहे, आणि ती पाळली नाही तर फी परत मिळते का? उत्तरं आली की मला पाठवा, आपण एकत्र वाचू. उत्तरं द्यायला त्यांनी टाळाटाळ केली तर तो विषय तिथेच संपवा आणि त्यातल्या थोड्या पैशांत मुलीला एक चांगला मल्टिमीटर, सोल्डरिंगचा संच आणि पंपाच्या चार मोटरी घेऊन द्या.

कळावे.