मुक्त सॉफ्टवेअर आणि डाव्या चळवळीचा खरंच काही संबंध आहे का? नागपुरातल्या आमच्या छोट्या संघटनेने ते वापरावं का?

संबंध आहे, पण तो मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशा प्रोग्रामच्या, परवान्यात शोधाल तर सापडणार नाही.

जीपीएल हा असाच एक परवाना, आणि तो उभा आहे कॉपीराइट कायद्यावरच. लेखक आपला हक्क सोडत नाही, त्याच्याच जोरावर अट घालतो: प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर सोर्स कोडही (प्रोग्रामचा माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर) द्या, आणि त्यात बदल केले असतील तर तेही याच अटींवर द्या. स्वतःपुरतं वापरलंत तर काहीच द्यावं लागत नाही. पैसे घेऊन विकायलाही मुभा आहे. कोणत्याही कामासाठी वापरण्याचं स्वातंत्र्य कामगार संघटनेला जेवढं आहे, तेवढंच कारखानदाराला आणि लष्करालाही. म्हणून 'हा कम्युनिझम आहे' हा आरोप चुकीचा, आणि 'हे तर आपलंच' हा डाव्यांचा समजही अपुरा.

धागा जुळतो तो लढ्यांत. नोव्हेंबर १९९९ मध्ये सिएटलला जागतिक व्यापार संघटनेविरुद्ध निदर्शनं झाली. तेव्हा सुरू झालेली इंडिमीडिया या कार्यकर्त्यांच्या बातमी-जाळ्याची साइट सिडनीच्या कार्यकर्त्यांनी लिहिलेल्या मुक्त प्रोग्रामवर चालत होती. कोणीही बातमी थेट टाकू शके, आणि कोड मोकळा असल्यामुळे इतर शहरांनी तो उचलला. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत २००० पासून मुक्त सॉफ्टवेअरचा मेळावा भरू लागला आणि २००१ मध्ये जगभरच्या चळवळींचा पहिला जागतिक सामाजिक मंचही तिथेच भरला. शहर आणि राज्य दोन्हीकडे तेव्हा डाव्या कामगार पक्षाची सत्ता होती.

आपल्याकडचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने उद्योगातल्या तांत्रिक वापराच्या किंवा हार्डवेअरशी जोडलेल्या सॉफ्टवेअरला पेटंटची वाट करून दिली होती. सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनी विरोध केला, मुक्त सॉफ्टवेअरवालेही विरोधात होते, आणि २००५ च्या कायद्यातून ती तरतूद गेली. औषधांच्या पेटंटला लगाम घालणारं कलम ३(डी) याच कायद्यातलं.

आता तुमच्या वापराचं. गाडं अडतं ते पत्रकावर. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर इंग्रजी अक्षरांच्या कोडमध्ये साठतो, म्हणून संविधान चौकातल्या धरण्याचं पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवलं की कचरा दिसतो. आधी सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणक सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये, बदलून घ्या. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा, बदलताना त्याच जागा चुकवतात. पुढे टायपिंग इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीने करा, फॉन्ट 'मुक्ता' नावाचा घ्या.

मांडणीला स्क्रायबस या पान-मांडणीच्या मुक्त प्रोग्रामची १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी; १.४ जोडाक्षरं तोडते. ए५ पान, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड). मजकुराचा रंग फक्त १०० टक्के काळा ठेवा. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-प्रोग्रामची पीडीएफ आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, असते, त्यामुळे चाररंगी छपाईत काळा मजकूर चार शाईंत विभागला जाऊन कडा पुसट येतात.

प्रेसवाले बहुतेक कोरल या मांडणीच्या प्रोग्रामची फाइल मागतील. त्यांना पीडीएफच द्या, पण ती काढताना सगळे फॉन्ट आउटलाइन करा (अक्षरांचे नुसते आकार बनवा), नाहीतर कोरलमध्ये उघडल्यावर मात्रा विस्कटतात. आउटलाइननंतर चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपा आणि हजार प्रती सोडण्याआधी एक कागदावर काढून वाचा.